वरचा कापूस

वर्ध्याच्या कापूस बाजारात तो माल तपासायचा. वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बघायचाही नाही. कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचा आणि आत ओल लागली की गाडी परत पाठवायचा. रविवारी चर्चमध्ये मात्र शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचा.

मी पहिल्या बाकावरचा. ईस्टरआधीचे चाळीसही उपास केल्याचं त्याला मुद्दाम ऐकवलं. विचारलं, "तुम्ही नाही धरत?"

तळहाताकडे बघत तो म्हणाला, "धरतो ना जी. पण तो वरचा कापूस झाला. प्रभू आतपर्यंत हात घालते. माह्या आत ओलच हाये, तरी तो गाडी परत नाई पाठवत."

मला रागच आला. माझे चाळीस दिवस त्यानं वरचा कापूस ठरवले होते! घरी पोचेपर्यंत धुमसत होतो. मग त्या रागातच माझी ओल हाताला लागली.