पाटीची कड

इंग्लंडला निघताना आईने मला उजव्या कुशीला घेतलं. डाव्या हाताने पदर छातीशी घट्ट धरला होता.

"काय झालं आई?"

"मावऱ्याची पाटी उतरवताना कड लागली. हलद लावलीय. जा गो बाय, इमान म्हंजे तुज्या बापाची होडी हाय का थांबाला?"

ओट्यावरच्या बायका हसल्या. ठाण्याच्या खाडीकाठी आमच्याकडे मासे विकणाऱ्या प्रत्येकीला कधी ना कधी पाटी लागलेली. छातीत गाठ आली, तर पाटीचाच मार. दुखत नसेल, तर डॉक्टरला छाती दाखवायची लाज कशाला ओढवून घ्या? मी टॅक्सीत बसले.

इंग्लंडमध्ये, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी अशाच गाठींच्या स्लाइड्स बघायला शिकले. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. बाहेरून आलेला वाढीचा निरोप ते आत पोचवतात. काही गाठींत त्यांच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात, रिसेप्टरांची गर्दी होते, ते आपसांतच जोड्या जुळवतात. मग निरोप येवो न येवो, आत वाढ चालूच. रंग दिला की अशा पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. ते ठळक आलं की मी खूश व्हायचे. रंग छान चढला म्हणून.

जे बाहेर गेलेत त्यांना माहीत आहे, घरची वाईट बातमी उशिराच येते. बाबांचा फोन आला. "आयेचा थान काढला. कॅन्सर हाय. तुला सांगाचा नाय बोलली." त्याच आठवड्यात मी वर्गापुढे उभी राहून हाच आजार समजावला होता.

बाबांनी हॉस्पिटलातून मागून घेऊन पाठवलेला गाठीचा तुकडा माझ्या लॅबमधल्या सरांच्या परवानगीने माझ्याच टेबलावर आला. मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला. प्रत्येक पेशीभोवती कडं. इतकं ठळक मी कधीच पाहिलं नव्हतं. त्या रिसेप्टरला अडवणारं औषध तेव्हा चाचण्यांतच होतं.

घरी आले तेव्हा पाटी कोपऱ्यात उलटी पडलेली. बायकांनी आईला ती पुन्हा उचलू दिली नव्हती.

"आई, पाटीने नाही झालं. ते आतलंच होतं."

तिने पाटी सुलटी केली. "मंग मी उगाच घरात बसलंय?"

दुसऱ्या दिवशी ती बाजारात होती, भाव करणाऱ्यांना शिव्या घालत. पुढच्या वर्षी गेली.

इंग्लंडमध्ये कोणी घर कुठे विचारलं, तर मी ठाणे सांगते. मनात येते ती आईची डावी बाजू, जिथे निघताना तिने मला येऊ दिलं नाही.