चार खाटांची सिस्टर

ह्यांच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली तेव्हा मी बासष्टची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

आमच्या निडी गावाहून पेणच्या इस्पितळात आलो तेव्हापासून मी तिथल्या सिस्टरांवर खार खाऊन होते. एकेकीला चारच खाटा, आणि रोज त्याच. आमची सून एकटी गोठा, चूल आणि दोन पोरं बघते! दुपारी दोनला पाळी बदलली की जाणारी आणि येणारी, दोघी खाटेशी उभ्या राहून पोटातल्या नळीपासून लघवीपर्यंत सगळं पेशंटसमोरच बोलत. मला वाटे, चकाट्या पिटतायत.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी फक्त घोटघोट पाणी सांगितलं होतं. पण शेतकऱ्याच्या पोटात चार दिवस भात नाही, तर जखम भरणार कशी? मी शहाणीने थर्मासातली पेज पडद्याआड पाजली.

दोनला आलेली सिस्टर नळीच्या पिशवीकडे बघतच राहिली. आत गढूळ पाणी. जाणारी म्हणाली, सकाळी स्वच्छ होतं. नाडीही पळत होती. तीन दिवस हे ह्या दोनच्या सिस्टरला मिठागरावरची मुकादम म्हणून चिडवत, आज गप्प. तिने विचारलं, तर नुसतं “काय नाय गो” म्हणाले.

“आजी, पोटात काही गेलंय?”

मी नाही म्हटलं. ती ओरडली असती तर शेवटपर्यंत नाहीच म्हटलं असतं. ती जवळ येऊन हळू म्हणाली,

“मला डॉक्टरांना खरं सांगायचंय.”

“वाटीभर पेज,” मी म्हटलं.

तिने कुणाची परवानगी मागितली नाही, थेट सर्जनला फोन लावला. तिथे सिस्टरला तेवढा अधिकार होता. तासाभरात ह्यांना पुन्हा आत नेलं. आतड्याची शिवण सुटली होती. पेजेच्या आधीच सुटायला लागली असणार, सर्जन नंतर म्हणाले. पेजेने त्यात भर घातली. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर माणूस हाती लागला नसता.

दुसऱ्या दिवशी दोनला नोंदवहीतली माझी पेज सगळ्यांदेखत वाचून दाखवली गेली. मान खाली घालून ऐकली. त्यानंतर मीही त्या दोघींशेजारी उभी राहू लागले. शेवटी त्या माझ्याकडे वळत, “आजी, तुमचं काय सांगणं?”

बाराव्या दिवशी मी सांगितलं, हे सकाळपासून माझ्याशी भांडतायत.

सिस्टरने ते लिहून घेतलं.