गळका मोर

सव्वीस वर्षं मी रात्री जागलो आणि दिवसा झोपलो. त्यामुळे आमच्या घरात सकाळी अकरा वाजता ऊन कुठून येतं, हे मला त्या दिवाळीपर्यंत ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतं. आधी माठावर पडतं, मग फरशीवरून सरकत सरकत पलंगापर्यंत येतं आणि तिथे बराच वेळ रेंगाळतं. त्या दिवाळीत त्या पलंगावर माझ्या लेकीची लेक झोपलेली असायची. ऊन तिच्या पायांवर चढायचं आणि ती झोपेतच पाय आखडून घ्यायची. मी खुर्चीवर बसून ते पाहत असे.

लेक पहिलटकरीण. बाळंतपणाला धुळ्याहून आमच्याकडे, सुरतेला गोडादऱ्यात आली होती. गणपती उठल्यावर चार दिवसांनी तिला मुलगी झाली. अडीच महिन्यांची झाली की मायलेकी सासरी जाणार, हे ठरलेलं होतं. जाण्याआधी एकदा तरी त्या पोरीला उचलून घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती आणि नेमकं तेवढंच माझ्याने होत नव्हतं. मला तान्ह्या बाळाची भीती वाटते. हसायचं तर हसा. माझी स्वतःची लेक एवढीशी होती तेव्हा मी बारा तास मशीनसमोर उभा राहून सकाळी घरी यायचो, ते डोळे मिटतच. अशा माणसाच्या हातात कोण मूल देईल? मी आडवा झालो की बायको लेकीला घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जायची, मला झोप लागावी म्हणून. संध्याकाळी मी उठून डबा घेऊन निघायचो. त्यातच पोर चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली. घ्यायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता मी टाळत होतो ते वेगळ्या सबबी सांगून. हात खरखरीत आहेत, सर्दी झालीय, नुकताच बाहेरून आलोय. घरच्यांनी त्या सबबी मान्य केल्या, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

लेकीने येताना सहा कापडी डायपर आणले होते. धुवायचे, वाळवायचे, पुन्हा वापरायचे. माझ्या बायकोला ते पटलं नव्हतं, कारण तिने जुन्या सुती साड्या फाडून बाळोत्यांची चळत तयार ठेवली होती. मी मात्र ते डायपर उलटसुलट करून पाहिले. बाहेरून मऊ कापड, त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर, पुढे टिचबटणांच्या ओळी, आत सरकवायची कापडाची घडी. काम चोख होतं. पण सहाही पांढरेफटक! ज्या गावात रंगाशिवाय काही विकलं जात नाही, त्या गावात माझ्या नातीने पांढरं का म्हणून घालावं?

मी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात आहे. आमच्याकडे कारखान्याला खातं म्हणतात. लांबलचक मशीन, त्यावर ओळीने सुया, खाली ताणलेलं साडीचं कापड. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटचा लॉट उतरला आणि मशीन मोकळं झालं. शेठला विचारलं, तो हसून हो म्हणाला. मग मी बाकीच्या सुया बंद ठेवल्या, एकच चालू केली आणि एकेक डायपर फ्रेमवरच्या कापडाला टाचून घेतला. बाळाच्या बुडावर मावतील अशा बुट्ट्या निवडल्या. मोर, हत्ती, कमळ, पोपट, कोयरी, मासा. दोरे राणी, रामा, फिरोजी रंगांचे. साडीच्या कामात चूक झाली तरी मी फारसा हबकत नाही, पण त्या दिवशी दोरा तुटला की माझा जीव खालीवर व्हायचा.

घरी नेऊन दाखवले तेव्हा लेक ओरडलीच, "वा पप्पा, मस्त लागे छे!" खूश झाली की ती गुजराती बोलते. बायकोनेसुद्धा मोरावरून बोट फिरवलं. मी आपला उगाच पंख्याची गती कमी करत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला मोर घातला. अर्ध्या तासाने उचललं, तर चादरीवर ओल्या ठिपक्यांचा मोर उमटलेला. मान, तुरा, पिसारा, सगळं जिथल्या तिथे. आम्ही तिघं वाकून बघत होतो तोवर तो पसरला आणि नुसता डाग उरला. दुपारी हत्ती गळला, संध्याकाळी पोपट.

"हाई देखा तुमना मोर!" बायको गावाकडच्या बोलीत म्हणाली, "मोर बी मुतस का?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

चूक माझीच होती आणि ती फक्त साडीवाल्याच्या हातून होण्यासारखी होती. सुई जाते तिथे भोक पडतं, हे मला काय कुणी सांगायला हवं? पण साडीला भोकं पडली म्हणून आजवर कुणी तक्रार केली नाही. साडीत कुणी पाणी भरत नाही. इथे मी पाणी अडवायच्या थराचीच चाळण करून ठेवली होती, तीही नक्षीदार. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. ते सहाही डायपर पिशवीत कोंबून मी माळ्यावर टाकायला निघालो, तर लेकीने पिशवी ओढून घेतली.

"घरात चालतील. कुणीतरी सारखं बघत राहायला पाहिजे, एवढंच."

"आते तुम्हीच बठा तिनापान," बायकोने निकाल दिला. "भोकं तुम्हीच पाडात ना?"

अशी पोरीपाशी बसायची माझी ड्युटी लागली. खातं सुट्टीत बंद होतं. मजूर आपापल्या गावी गेलेले, दर दिवाळीला आम्हीही जायचो तसे, गल्लीतला मशीनचा आवाज थांबलेला. इतक्या वर्षांत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, तो बंद झाल्यावर ऐकू आला. दिवस लांब आणि मऊ झाले. दर थोड्या वेळाने मी पोरीच्या खाली तळहात सरकवायचो. कोरडं असेल तर हात ऊबदार होऊन बाहेर यायचा. ओलं असेल तर आधी गरम लागायचं आणि लगेच गार. मग पलंगावरच तिची बटणं सोडायची, घडी बदलायची, दुसरा डायपर लावायचा. आधी माझी बोटं बटणांशी भांडली, मग शहाणी झाली. ती माझ्याकडे बघत राहायची, मीही तिच्याकडे. पण उचलायचं म्हटलं की मी लेकीला हाक मारायचो.

धुतलेले डायपर ओट्यावरच्या दोरीवर वाळत असायचे. शेजारच्या गुजराती बेन विचारायच्या, कुठून घेतले? माझी बायको सांगायची, इथेच मिळतात, पण गळतात.

दिवसा झोपायची शरीराला सवय. खुर्चीत बसल्या बसल्या माझे डोळे जड व्हायचे. मग जाग आणि झोप यांच्या मधल्या जागेत मला कापड दिसायचं. सव्वीस वर्षांचं कापड, फ्रेमवरून उतरून दाराबाहेर जाणारं, गल्लीतून, पुलावरून, नदीवरून पार दूर, त्यावर माझ्या बुट्ट्या. कुठे गेलं असेल ते सगळं? कुणी नेसलं असेल, कुणाच्या लग्नात, कुठल्या गावात? मी भरलेलं कापड अंगावर घातलेलं माणूस मी कधी पाहिलंच नव्हतं. डोळे उघडले की समोर ती असायची, बुडावर कमळ घेऊन, पालथं पडायच्या खटपटीत. मला फार बरं वाटायचं. इतकं बरं की मला ते कुणाला सांगता आलं नसतं.

सुट्टी संपत आली तशी लेकीची बॅग भरायला लागली. बायकोने डिंकाचे लाडू बांधले. मी रोज ठरवायचो, आज घेऊ. आणि रोज तिच्या इवल्या मानेकडे बघून हात मागे घ्यायचो.

जायच्या दिवशी जावयाचा फोन आला की गाडी निघाली. लेक आरशासमोर केस विंचरत होती. मी पलंगावर पोरीची बटणं लावत होतो.

"पप्पा," ती आरशातूनच म्हणाली, "मी एवढी होते तेव्हा मला कसं घ्यायचा तुम्ही? उभं की आडवं?"

"का गं?"

"मम्मी सांगते ना. ड्युटीवरून आलात की चहाच्याही आधी मला छातीवर घ्यायचा. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि मी त्या वासाने झोपायची. लहानपणी तुमच्यावर रुसले की मम्मी मला हेच सांगायची."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी. बोलू नका.

आधी मला तिचा रागच आला. मग कळलं. मोरावरून महिनाभर मला छळणारी ही बाई इतकी वर्षं माझ्या पाठीमागे माझ्या लेकीच्या मनात माझी जागा राखत होती. जे मी केलं नाही ते माझ्या नावावर सांगत होती. मी झोपलेलो असताना, बाहेर ओट्यावर बसून. नुसता हसलो असतो तरी भागलं असतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"नाही गं," मी म्हणालो. "एकदाही नाही घेतलं तुला. भीती वाटायची, हातातून पडशील म्हणून. अजून वाटते."

लेकीचा कंगवा केसांतच थांबला. तिने आईकडे पाहिलं नाही. मग ती उठून पलंगापाशी आली आणि तिने पोरीला उचललं.

"उद्या ही मला विचारेल, आजोबा मला घ्यायचे का," ती म्हणाली. "मला मम्मीसारखं रचून सांगता येत नाही. घ्या."

मी हात पुढे केले. पोर मला वाटलं होतं त्याहून जड होती. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि मला रडू फुटलं. गाडी दाराशी येईपर्यंत तिला माझ्याकडून कुणी परत मागितलं नाही.