स्वतःच्या हाताने जेवता का?

पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. वाक्य छोटं. विरोध कोणाला आणि कशाला, ते सुरुवातीलाच आलं पाहिजे. मागणी एकच, आणि ती सिग्नलला थांबलेल्या माणसाला सिग्नल सुटायच्या आत वाचून झाली पाहिजे. कॉलेजात असल्यापासून मी हे करतेय. पाण्यासाठी केलं, फीवाढीविरुद्ध केलं, फुटपाथसाठी केलं. पण दिव्यांगांच्या अनुदानात बदल होणार अशी बातमी आली, मी लॅपटॉप उघडून बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. विरोध करायचा, पण नक्की कशाला?

बातमीत लिहिलेलं, बदल 'प्रस्तावित' आहेत. हा शब्द मला तेव्हापासून डोक्यात जातो. प्रस्तावित म्हणजे झालेलं नाही, म्हणून विरोध करू नका. आणि होणारच नाही असंही नाही, म्हणून झोपूही नका. एका ग्रुपवर आलं की सगळ्यांची नव्याने तपासणी होणार. दुसऱ्या ग्रुपवर, दिव्यांगत्वाच्या टक्क्यांची अट वाढणार. तिसरीकडे कोणीतरी आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला, की जे लोक रोजची कामं स्वतः करू शकतात त्यांचं अनुदान कमी होणार किंवा बंदच होणार. आवाज इतका ठाम होता की मी तीनदा ऐकला. कोणाचा होता, कोणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलं, तर माझी मोठी बहीण. ताईला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही. उजवा हात ऐकत नाही, डावा त्याच्या मर्जीप्रमाणे ऐकतो. बोलते भरपूर, पण शब्द घशातून ताणून येतात, नवीन माणसाला काहीच कळत नाही. आम्हाला सगळं कळतं, शिव्यांसकट.

घर आईच्या पगारावर चालतं. ताईचं अनुदान घरात खर्च होत नाही, ते रिक्षाचं. ठाण्यात बाळकुमला आम्ही भाड्याने राहतो आणि ताई आठवड्यातले काही दिवस नौपाड्यात कम्प्युटरच्या क्लासला जाते. रस्त्यावरची रिक्षा व्हीलचेअर बघितली की थांबत नाही. म्हणून एक रिक्षावाले काका महिन्यावर ठरवलेत. ते आईच्या मदतीने तिला उचलून आत बसवतात, खुर्ची घडी करून मागे बांधतात, क्लासच्या दारात सोडतात. अनुदान बंद म्हणजे काका बंद, काका बंद म्हणजे क्लास बंद, आणि ताई पुन्हा खिडकीत. पंचविशीपर्यंत ती खिडकीतच होती. तिकडे परत जायचं नाही, एवढं एकच तिला पक्कं माहीत होतं.

मी अनुदानाच्या ऑफिसात चौकशीला गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "अजून वरून काही आलेलं नाही."

"मग आम्हाला कल्याणच्या तपासणी शिबिराला बोलावलंय ते कशाला?"

"ते वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे वेगळं."

"पण त्या तपासणीवर अनुदान ठरणार का?"

"ते आत्ता सांगता येणार नाही ना मॅडम. नियम आल्यावर कळेल."

म्हणजे परीक्षा आधी, अभ्यासक्रम नंतर. मी तिथे मोठ्याने बोलले. रांगेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या, बाईंनी पुढच्याला बोलावलं. आमच्या संघटनेतल्या दादांना फोन केला तर ते म्हणाले, "पत्रक काढ की. बदल रद्द करा म्हणावं."

"कुठले बदल, दादा?"

"जे असतील ते."

"बाळकुमचं शिबिर कल्याणला का ठेवलंय, ते तरी?"

"ते मलाही कळलेलं नाही. तेही टाक."

इकडे घरात वेगळीच तयारी सुरू झालेली. आमच्या घरमालकीण मावशी बाळकुमच्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. त्यांच्या खाडीकडच्या जमिनीवर आता टॉवर उभा आहे, पण स्वतः अजून जुन्या घरातच राहतात. त्यांच्या दिराला पोलिओ आहे, त्यामुळे शिबिरं त्यांना पाठ. संध्याकाळी येऊन खुर्चीवर बसल्या आणि ताईला म्हणाल्या, "काय गो बाय, तिकडं अशी नटून जाऊ नको हां. जुना गाऊन घाल. केसांना तेल नको, कंगवा नको. डॉक्टरनं नुसतं बघितलं तरी त्याला दया आली पाहिजे."

ताई म्हणाली, "आंघोळ तरी करू का?"

मावशींना कळलं नाही. मी सांगितलं तशा त्या हसून हसून लाल झाल्या. "कर गो, पण दिसू देऊ नको."

हे फक्त आमच्या घरात नव्हतं. मी ज्यांना ज्यांना फोन केला त्या प्रत्येक घरात हीच तालीम चालू होती. चांगली कुबडी घरी ठेवायची, जुनी न्यायची. श्रवणयंत्र खिशात. कोणी म्हणे, मुलाला सांगून ठेवलंय, तिथे हसायचं नाही. कोणी शिकवलं, कधीपासून चालत आलंय, माहीत नाही. शिबिराला जाताना आपण आहोत त्यापेक्षा वाईट दिसायचं असतं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. लग्नाला दागिने घालतात तसं.

आई तर रीतसर सराव घ्यायला लागली. स्वतः पलंगावर डॉक्टर होऊन बसायची.

"नाव काय?"

ताई नाव सांगायची.

"इतकं स्पष्ट नको."

"हे स्पष्ट आहे?" ताई म्हणायची. "आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणालं."

"स्वतः जेवता का?"

"जेवते."

"नाही म्हण."

"जेवते!"

आई रडकुंडीला यायची. मला राग यायचा. चमच्याच्या दांड्याला जाड फडका गुंडाळून ताई जेवायला शिकली त्याला वर्ष लागलेलं. भात भिंतीपर्यंत उडायचा. आणि आता ते लपवायचं? मी आईला पत्रकाच्या भाषेत सुनावलं, की आम्हाला दया नको, हक्क हवा. भीक मागायला चाललोय का आपण? ताई खरं तेच सांगेल, आणि त्यावर पैसे बंद केले तर आपण रस्त्यावर उतरू.

आई म्हणाली, "तू उतर. ती कशी उतरणार?"

मी आवाज आणखी चढवला. ताई दोघींकडे बघत होती. मला म्हणाली, "ए नेतेबाई, झालं का भाषण? जनतेला भूक लागलीय."

शेवटी माझंच चाललं. असं मला वाटलं. खरं सांगायचं, नीट कपडे घालायचे. ताई कुर्ता घालून, केस बांधून, कानात डूल घालून निघाली. काकांनी त्या दिवसाचं दुसरं भाडं सोडलं होतं. कशेळीच्या पुलावरून, कोनगावातून, खड्डे चुकवत आम्ही कल्याणला पोचलो.

शिबिराच्या हॉलमध्ये शिरलो आणि माझं अवसान गळालं. सगळा हॉल जुन्या कपड्यांत आलेला. विस्कटलेले केस, पडलेले चेहरे, बटणं तुटलेले शर्ट. एक गृहस्थ शेजारच्याशी क्रिकेटवर रंगात येऊन बोलत होते. नाव पुकारलं तसे त्यांचे खांदे पडले आणि पाय घासत ते आत गेले. कोणाला हसू आलं नाही. त्या सगळ्यांत ताई एकटीच डूल घातलेली. लोक आमच्याकडे बघत होते. कीव नव्हती त्यात. यांना काही कळत नाही का, अशी ती नजर होती. मला वाटलं, एवढी माणसं मूर्ख कशी असतील? त्यांना काहीतरी माहीत असणार. मग वाटलं, कोणालाच काही माहीत नाही, म्हणूनच सगळे असे आलेत. या दोन विचारांत मी ताईची खुर्ची पुढे ढकलत राहिले.

डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. थकलेले होते, वाईट वागले नाहीत. हात-पाय वाकवून बघितले. मग समोरच्या स्क्रीनकडे बघत एकेक प्रश्न. उत्तर हो किंवा नाही.

"स्वतःच्या हाताने जेवता का?"

आता खरं काय ते सांगते. हात बरा असतो त्या दिवशी ताई स्वतः जेवते. कडक झालेला असतो त्या दिवशी आई भरवते. किती दिवस बरे, किती वाईट, ते थंडीवर, झोपेवर, कशावरही असतं. इतके दिवस भांडताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणत होती नाही, मी म्हणत होते हो, आणि दोघीही बरोबर होतो.

ताई बोलली. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

ताई म्हणालेली, "आई भरवते."

मला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं, पण तिचं बोलणं मी कधीच चुकीचं ऐकत नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती. डूल हलत होते. मी मनात आणलं असतं तर "जेवते" म्हणू शकले असते. त्या खोलीत तिचा आवाज माझ्या तोंडात होता, आणि आई मला उलटं बोलणार नव्हती. डॉक्टर म्हणाले, "मॅडम?"

"आई भरवते म्हणतेय," मी म्हणाले. मग मला राहवलं नाही. "पण रोज नाही. काही दिवस स्वतः..."

"हो की नाही?" डॉक्टरांनी विचारलं. "इथे दोनच आहेत."

ताईने डावा हात माझ्या मनगटावर आपटला. जोरात. "नाही," मी म्हणाले. डॉक्टरांनी क्लिक केलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ठरलेलं काय होतं आपलं?"

"तू ठरवलेलंस," ताई म्हणाली.

"पण तू जेवतेस ना! एवढं वर्षभर..."

"तुला माहितीय ना? आईला माहितीय ना? मग झालं. त्याला कशाला सांगू? तो काय मला जेवायला बोलावणार आहे?"

आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मला हसू येईना. मी म्हटलं, "आणि नियमच आला नसेल तर? या प्रश्नाला काही किंमतच नसेल तर? उगाच..."

"मग उगाच," ताई म्हणाली. "तुझं पत्रक तरी कुठे पुरं झालंय?"

झालेलं नाहीये. आजही नाही. पहिली ओळ मी पन्नास वेळा लिहून खोडली असेल. तुम्ही आमच्या माणसांना खोटं बोलायला लावता, असं लिहिलं, तर ताई खोटं बोलली असा अर्थ होतो, आणि ती बोलली नाही. खरं बोलली असं लिहिलं, तर तेही पुरं खरं नाही. 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये एक रकाना द्या, अशी मागणी लिहिली. दादा म्हणाले, "यावर घोषणा कशी देणार?"

नियम अजून आलेला नाही. या महिन्याचं अनुदान जमा झालं, पुढचं होईल की नाही ते खिडकीतल्या बाईंनाही माहीत नाही. कल्याणहून परतताना बाळकुमच्या नाक्यावर काकांनी रिक्षा थांबवून मागे वळून विचारलं होतं. त्यांना दुसरीकडून शाळेच्या मुलांचं काम चालून आलेलं, तिकडे हो-नाही कळवायचं होतं.

"ताई, पुढचा महिना धरू का? नक्की सांगा हां."

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. नक्की असं आमच्याकडे काहीच नव्हतं.

ताईने सांगितलं, आणि या वेळी काकांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "धरा."