डोहावर राहिलेलं सामान

खैरवाडीत कोणाची वस्तू हरवली, तर माणूस घरात शोधाशोध करत बसत नसे. संध्याकाळी ढोरं परतायच्या वेळेला तो आपला वेशीवर जाऊन उभा राही. कळपाच्या मागून गुलाबबाई सोमकुवर यायची. खांद्यावर काठी, काखेत कोणाचा विळा, हातात कोणाची एकच चप्पल. जंगलात जे सापडेल ते ती ज्याचं त्याला नेऊन द्यायची. फक्त देताना गुपचूप द्यावं, एवढी साधी गोष्ट तिला कधी जमली नाही. देवीदासची छत्री तिनं थेट त्याच्या बायकोच्या हातात दिली आणि वर सांगितलं, "मोहाच्या भट्टीपाशी होती वो. पाऊस काही नव्हता, तरी तुमच्या मालकानं उघडून ठेवली होती." त्यानंतर देवीदासच्या घरात आठ दिवस जो पाऊस पडला, तो साऱ्या आळीनं ऐकला.

गावची ढोरं आधी तिचा नवरा चारायचा. दम्यानं तो गेला आणि बाईनं त्याची काठी उचलली. तेव्हा पारावर मोठी चर्चा झाली, की बाईमाणसाच्या मागं ढोरं जातील का. ढोरांना असली काही शंका नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि गेली.

बाईला दुसरा एक नाद होता, वाचायचा. गावात प्रौढशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा इतर बाया चार दिवस जाऊन कंटाळल्या. गुलाबबाई चाळिशीत अक्षरं शिकली ती कायमची. गाव मध्य प्रदेशात, म्हणून वर्ग हिंदीत, बाई मराठीत, पण अक्षरं तीच, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. मग माचिसची पेटी वाच, बसची पाटी वाच, खताच्या पोत्यावरचं वाच. वाचून झालं की आपणच मान डोलवायची, जणू खताच्या कारखान्यानं तिलाच पत्र पाठवलं आहे.

तर अशी ही बाई. आणि तिच्या वाट्याला आला आसरांचा डोह.

सौंसरहून मोहगावच्या अंगाला सागाच्या जंगलात हा डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्याच पाण्यातल्या सात देवी, आसरा. नाल्याचं पाणी संक्रांतीनंतर सगळीकडे आटतं, डोहात तेवढं जेठापर्यंत राहतं. म्हणून पौषापासून ढोरं तिथंच न्यावी लागत. आणि नेमके त्याच दिवसांत लोक तिथं रोडगे करायला येत. कोणाला पोरगा झाला, कोणाची विहीर लागली, की बोललेला नवस फेडायला गोवऱ्या, वांगी, तुरीची डाळ घेऊन सारं गणगोत डोहावर. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायचे, हाताला चटके सोसत फोडायचे, वर तुपाची धार. नवसाचं उरलेलं घरी न्यायचं नाही, हा नियम. आधी उरायचं तरी काय? पळसाच्या पत्रावळी न् चार शितं. पत्रावळी ढोरं खाऊन टाकत, राहिलं ते वाळवी.

पण शहाऐंशी साल उजाडलं तोवर नवस करणारे सुधारले होते. पायी येणारे बैलगाडीनं आले, बैलगाडीवाले ट्रॅक्टरनं. तूप प्लॅस्टिकच्या पन्नीत, मीठ पन्नीत, शेवसुद्धा पन्नीत. सरबताच्या बाटल्या, आणि आसरांना दिसू नये म्हणून पोत्याखाली ठेवलेल्या दुसऱ्याही बाटल्या. जेवण झालं की त्याच बाटल्या दगडावर मांडायच्या आणि गोटे मारून नेम धरायचा. घरी न्यायचं नाही हा नियम रोडग्यांपुरता होता. लोकांनी तो बाटल्यांनाही लावला.

पौषातच रामाजीच्या कपिलेचा पाय काठावर कापला. काच खुराच्या फटीत शिरली, जखम चिघळली. रामाजी म्हणजे गावातला बुजुर्ग, बोलणं मोजकं. तो ज्या बाजूला मान हलवी, त्या बाजूला गाव झुके. त्यानं गाय दावणीला बांधली आणि गुलाबबाईला बोलावलं.

"बाई, तुझी चूक नाही, मले मालूम हाय," तो म्हणाला. "पण ढोर तर माझं लंगडून राहिलं ना? तिथली काच गेल्याबिगर माझी गाय काही तुह्या मागं येत नाही."

"मामा, पाणी तेवढंच हाय. दुसरीकडं नेऊ कुठं?"

"थे मी का सांगू?"

म्हणजे काय होणार, हे गुलाबबाईला बरोबर कळलं. आज रामाजीची गाय दावणीला, उद्या देवीदासचे बैल, परवा साऱ्यांचीच ढोरं. काठी कोपऱ्यात उभी करून कापूस वेचायला जायचं. कापूस वेचण्यात कमीपणा होता असं नाही. पण सकाळी नेलेलं ढोर संध्याकाळी साबूत परत आणायचं, ही तिच्या नवऱ्याची पत होती. त्याच्यामागं तिनं ती जपली होती.

त्या रविवारी ती बाया-माणसांनी भरलेल्या एका ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. सफारी घातलेले एक गोरेपान, पोट सुटलेले गृहस्थ सगळ्यांना हुकूम सोडत होते.

"भाऊ, बाटल्या फोडू नका बापा. ढोरं पाणी पितेत इथं."

"अवो बाई, जंगल हाय हे," गृहस्थ हसले. "जंगलाले कोण झाडू मारते? घ्या, रोडगा खा."

रोडगा खाल्ला तिनं. चांगला होता, तिनं नंतर स्वतःच सांगितलं. पण संध्याकाळी ट्रॅक्टर गेल्यावर काठावर पाहते तो काचांचा सडा, बोरीच्या काट्यांना लटकलेल्या पन्न्या, आणि उथळ पाण्यात बुडवून ठेवलेला एक गंज, मोठं पितळी पातेलं. वरण खाली लागलं होतं, म्हणून कोणीतरी भिजत घातला आणि विसरून गेलं.

बाईनं गंज उलटा केला, पदरानं पुसला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. तिनं बोट ठेवून वाचलं: पुंडलिकराव धोटे, सौंसर. पुढं कुठलीशी तारीख. तिला इतका आनंद झाला म्हणता! माणूस सापडला. आता ज्याचं त्याला द्यायचं, एवढंच काम.

आणि ज्याचं म्हणजे सगळं ज्याचं. गंज एकटा कसा न्यायचा? पाहुणे काय फक्त गंजच विसरले होते? तिनं हाताला सापडली तेवढी काच वेचली, पन्न्या सोडवल्या, एका गोणीत भरल्या. सोमवारी ढोरं कमल जावेच्या हवाली केली, गोणी न् गंज घेऊन सौंसरच्या बसमध्ये चढली.

"गोणीत काय हाय वो बाई?" कंडक्टरनं विचारलं.

"पाहुण्यायचं सामान."

"लय वाजून राहिलं."

"पाहुणेही तसेच वाजणारे होते."

पुंडलिकराव धोटे म्हणजे संत्र्याच्या बागा असलेला मातबर माणूस, आणि त्याहून जास्त म्हणजे टापटिपीचा. त्यांच्या ओट्यावर वाळलेलं पान पडलं, तर ते पान आपण होऊन उठून जाईल, असा दरारा. सकाळी गुडघ्यांना तेल लावून ते तिथंच उन्हात बसले होते.

"रामराम, बाबूजी. पुंडलिकराव धोटे तुम्हीच का?"

"मीच. काहून?"

"तुमचं सामान राहिलं होतं डोहावर," असं म्हणून गुलाबबाईनं गोणी ओट्याखाली रिकामी केली.

खळ्ळकन आवाज झाला. समोरच्या दारातून दोघं जण बाहेर आले, बाजूच्या गच्चीतून एक मान वाकली. पुंडलिकराव काठी टेकत उभेच राहिले.

"ए बाई! डोकं ठिकाणावर हाय का? दोन वर्षं झाले, मी या ओट्याखाली उतरलो नाही. गुडघे पाह्य माझे! मी कोणत्या डोहावर गेलो?"

"तुमचं नाव हाय ना बाबूजी," बाई ठामपणे म्हणाली आणि गंज पुढं धरला. "मी वाचलं."

आरडाओरडा ऐकून शांताबाई, त्यांची बायको, आतून आल्या. त्यांनी काचांकडे पाहिलं नाही, गुलाबबाईकडे पाहिलं नाही. गंजाकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"अवो, हा आपल्या विजूच्या लग्नातला हाय. आहेरात देलता आपण."

आता पाहा. गुलाबबाईच्या वस्तीत भांड्यावर नाव कोरत ते पंगतीत ताटंवाट्या एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. ज्याचं नाव त्याचं भांडं. पण आहेरात भांडं देणारी माणसं त्यावर स्वतःचं नाव कोरतात, दिलं कोणी ते पुढच्या पिढीलाही कळावं म्हणून, ही रीत तिला कोण सांगणार? तिच्या लग्नात असं कोरीव कोणी काही दिलंच नव्हतं. आणि पुढची तारीख ही लग्नाची तारीख होती.

विजू म्हणजे विजयमाला, धोट्यांची एकुलती लेक, पांढुर्ण्याला दिलेली. आणि तिचे सासरे रघुनाथराव म्हणजे गोरेपान, पोट सुटलेले, सफारीवाले.

गुलाबबाईचा चेहरा उतरला. ती खाली बसली आणि काचा परत गोणीत भरू लागली. "चुकलं माझं, बाबूजी. बिनकसुरी माणसाच्या दारात घाण टाकली मी. गायीचा पाय कापला, कळप जाऊन राहिला हातचा... म्हणून आली. नाहीतर माझी काय हिंमत."

"कोणाच्या गायीचा?" पुंडलिकरावांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं वाकून, गुडघा धरत, एक काचेचा तुकडा उचलला. जुना ढोरंवाला माणूस. अंगठ्यानं धार पाहिली.

"व्याह्याले कोण सांगन हे?" तो शेवटी पुटपुटला. "लेक त्याच्या घरी हाय आपली."

"सांगायचं कायले?" शांताबाई म्हणाल्या. "गंज लेकीचा हाय, तो तर पाठवाच लागन. आन लेकीच्या घरी भांडं रिकामं पाठवते का कोणी?"

पुंडलिकरावांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे इतक्या कौतुकानं फार वेळा पाहिलं नसावं.

मग ओट्यावर जे झालं ते सौंसरनं याआधी पाहिलं नव्हतं. शांताबाईंनी काचा बादलीत धुतल्या, पन्न्या धुऊन, वाळवून, पापडासारख्या घड्या घातल्या. सगळं गंजाच्या तळाशी नीट रचलं, त्यावर केळीचं पान, आणि वर बागेतली निवडक संत्री. गुलाबबाईला चहा दिला, तो घरातल्याच कपबशीत. बाईनं तेही बरोबर पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोन वर्षांत ओटा न उतरलेले पुंडलिकराव गंज मांडीवर घेऊन बसनं पांढुर्ण्याला गेले. तिथं काय घडलं याच्या दोन-तीन हकिगती ऐकू येतात. त्यातली विश्वास ठेवण्याजोगी एवढीच, की विजयमालेनं सासऱ्यासमोरच संत्री काढली, पान उचललं, आणि रघुनाथरावांनी विचारलं, "हे काय, व्याहीबुवा?"

"तुमचं डोहावर राहिलं होतं म्हणे," पुंडलिकराव म्हणाले. चहा घेतला, बिस्किट खाल्लं आणि परतीच्या बसला निघून आले.

पुढच्या रविवारी तोच ट्रॅक्टर डोहावर आला. आत ना वांगी ना गोवऱ्या. दोन टोपली आणि बांधकामाची रेतीची चाळणी. विजयमाला उतरली आणि पदर खोचून वेचायला लागली. रघुनाथराव मात्र बराच वेळ ट्रॅक्टरवरच बसले होते, तोंड जंगलाकडे करून. मग खाली आले.

"काय वो बाई, व्याह्याच्या दारात गेली. सरळ माझ्या घरी कायले नाही आली?"

"तुमचं नाव कुठं होतं भाऊ गंजावर? कोरून घ्या ना."

"आता कोरलं तरी पंचाईत," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. ते हसल्यावर मग विजयमालाही हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा.

जोडे काढून ते पाण्यात शिरणार, तोच गुलाबबाईनं त्यांच्या दंडाला धरलं. "पायानं नका शोधू. घ्या तो फावडा." काठाची ओली रेती फावड्यानं उपसायची, चाळणीवर टाकायची, गुलाबबाईनं पाणी ओतायचं. रेती खाली, काच वर. दुपारपर्यंत सफारीचा रंग ओळखू येईना. दुसरी एक नवसाची गाडी आली, तर रघुनाथरावच त्यांच्यावर ओरडले, "बाटल्या घरी न्या रे! तुमच्या बापाचं जंगल हाय का?" गुलाबबाईनं मान फिरवून हसू दाबलं.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. त्या गाडीवाल्यांनीही पन्न्या टाकल्याच, चार कमी एवढंच.

सोमवारी सकाळी ढोरं निघाली तेव्हा रामाजी कपिलेला दोरीनं धरून कळपाच्या मागं मागं आला. डोहावर पोचल्यावर त्यानं गाय गुलाबबाईच्या हाती दिली, चपला काढल्या, आणि त्या सत्तर वर्षांच्या माणसानं काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालून पाहिला. एकेक पाऊल दाबत, टाच रुतवत. मग गुडघाभर पाण्यात. गुलाबबाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती.

रामाजी परत आला. तळवा वर करून पाहिला, धोतरानं पुसला, दुसरा पाहिला. मग गायीच्या गळ्यातली दोरी सोडली, आपल्याच खांद्यावर टाकली, आणि चपला हातात घेऊन गावाकडे चालू लागला.