मुनशीचा डावा हात

कार्तिकातल्या दुपारी आमच्या अंगणात दोन वास एकत्र नांदतात. एक नुकत्याच कापलेल्या धानाच्या तणसाचा, कोवळा आणि किंचित दमट. दुसरा बाबांच्या अंगात कायमचा मुरलेला तेंदूपानाचा, कोरडा, तुरट, वैशाखातल्या उन्हाची आठवण करून देणारा. बाबांनी मुनशीपण सोडून कितीतरी उन्हाळे उलटले, तरी तो वास त्यांना सोडून गेलेला नाही. सिंदेवाहीहून सुटलेली एसटी आमच्या फाट्यावर थांबते, मी उतरते, आणि घर दिसायच्या आधीच तो मला आठवू लागतो.

तेंदूच्या हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, ज्याला सगळे फळी म्हणतात, बाबा विडीपानाच्या ठेकेदाराचे मुनशी म्हणून बसत. पहाटे जंगलात शिरून तोडलेली पानं घरी नीट लावून, त्यांचे पुडे बांधून बाया भर उन्हात रांगेत उभ्या राहत, आणि कुठला पुडा घ्यायचा, कुठला टाकायचा हे बाबा ठरवत. पुडा उचलून ते नाकाशी नेत आणि मनास आला नाही तर डाव्या हाताने बाजूला सोडून देत. त्या हाताला राग नव्हता, घाई नव्हती, आणि समोर बाई उभी आहे याची दखलही नव्हती. मी शेजारी कडुनिंबाच्या सावलीत बसून हे पाहत असे आणि माझा बाप केवढा मोठा माणूस आहे असं मला वाटत असे.

घरीही हात तोच होता. भाजीचा घास नाकाशी जाई, आणि डाव्या हाताने ताट अलगद बाजूला सरकवलं जाई. शिवी नाही, आरडाओरडा नाही. आई पदराला हात पुशीत विचारी, "मंग काय करून देऊ?" आता आई नाही. बाबा स्वतःच शिजवतात आणि जसं होईल तसं मुकाट्याने खातात.

मी चंद्रपूरला कॉलेजात शिकवते आणि कथा लिहिते. माझ्या कथांमधले दुष्ट लोक फार कष्टाने दुष्ट असतात. पानभर डोळे वटारतात, दात-ओठ खातात, आणि वाचणाऱ्याला त्यांची भीती सोडाच, कीवच येते. धाकट्या भावाची, दिनूची, अडचण वेगळी नव्हती. तो झाडीपट्टीतल्या मंडळींसाठी नाटकं लिहितो. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात आणि मांडवात नाटक होतं. यंदाच्या नाटकात त्याने तेंदूच्या मुनशीला खलनायक केलं होतं. त्याचा हताश फोन आला, "ताई, तो मिशा पिळते अन् लोक हासून राह्यले."

मग काय, माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. मी त्याला ऐकवलं, की दुष्ट माणसाला आपण दुष्ट आहोत हे ठाऊक नसतं; त्याला एखादी बारीकशी लकब दे, जी सगळ्यांना दिसते आणि त्याला स्वतःलाच दिसत नाही. "म्हणजे कशी?" दिनूने विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "बाबांचा हात घे ना." सल्ल्यापेक्षा त्या तत्परतेची मला आज अधिक लाज वाटते. जणू उत्तर किती वर्षं जिभेवरच बसलं होतं. दिनू म्हणाला, "जमते."

आणि जमलं. पुढच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या. मुनशीचा डावा हात बाजूला गेला की मांडवातल्या बाया बोलायच्या थांबतात, म्हणे. मी स्टाफरूममध्ये ते सांगत सुटले. हात कोणाचा, एवढं मात्र सांगितलं नाही.

मग आमच्याच गावची मंडई आली, आणि ऐन वेळी मुनशीचं काम करणारा नट तापाने फणफणला. त्याच्या जागी केवळराम उभे राहिले, एरवी नायिकेच्या भोळ्या बापाचं काम करणारे. मांडव आमच्या घराला लागून, म्हणून दुपारची तालीम आमच्या अंगणात ठरली. बाबांच्या डोळ्यांदेखत ती नको, हे दिनूला घाईत सुचलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. बाबा बाजेवर बसून दोरी वळत होते. उन्हाचे कवडसे त्यांच्या गुडघ्यावरून हलत होते.

दिनूने पळसाच्या पानांचा पुडा बांधला आणि हात करून दाखवला. केवळराम तो रागाने आपटत. दिनू पुन्हा दाखवी, केवळराम पुन्हा आपटत. चार-दोनदा असं झाल्यावर बाबांनी दोरी बाजूला ठेवली.

"असं नाई हो केवळभाऊ," ते उठत म्हणाले. "फेकाचा नाई. फेकला का बाईले राग येते, मंग ते भांडते. नुसता सोडून द्याचा. अन् तिच्याकडं पाहाचंच नाई. पाहालं का घ्या लागते."

पाहिलं की घ्यावा लागतो! लपवण्यात अर्थ नाही: माझ्या मनात पहिला आला तो आनंद. काय वाक्य आहे, हे कोणत्या कथेत घालू, असा हपापलेला आनंद. बाप समोर उभा होता आणि मी त्याच्या तोंडातून वाक्य उचलत होते.

बाबांनी पुडा नाकाशी नेला. डावा हात बाजूला गेला आणि तिथेच, हवेत थांबला. ते त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी दिनूकडे पाहिलं. तो खाली मान घालून अंगठ्याने माती उकरत होता. मग माझ्याकडे. मला नजर उचलता आली नाही.

"वा मुनशीजी! अस्सल!" केवळराम बिचारे मनापासून म्हणाले.

बाबांनी पुडा दोन्ही हातांनी, फार जपून, जमिनीवर ठेवला आणि ते पुन्हा दोरी वळायला बसले.

दिवेलागणीला सगळं गाव मांडवाकडे निघालं. बाबा म्हणाले, गुडघे दुखतात. मीही थांबले. बराच वेळ आम्ही बाहेरच्या भोंग्यावरची घोषणा ऐकत बसलो. मग त्यांनी विचारलं, "शेवटी काय होते त्या मुनशीचं?"

"गाव हाकलून देते त्याला. लोक टाळ्या वाजवतात."

"त्या बाईले तो काईच म्हणत नाई?"

"नाई, बाबा."

"काऊन?"

खलनायकाबद्दल इतकं सांगणाऱ्या मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"तो त्या बाईले काय म्हणते, तू लिवून पाय ना, पोरी," ते अंधाराकडे पाहत म्हणाले. "लय नाई. दोन वाक्यं."

कोणती बाई, हे मी विचारलं नाही. नाटकातली, फळीवरच्या रांगेतली, की पदराला हात पुसणारी.

चंद्रपूरला परतल्यावर मी लिहायला बसले. मुनशीची वाक्यं एका बैठकीत आली. इतकी सहज, की मी इतकी वर्षं या माणसाला बोलायला का लावलं नाही याचं वाईट वाटलं. मग बाईची पाळी आली. माझ्या लेखणीतून एकच उतरलं: मंग काय करून देऊ? मी ते खोडलं. पुन्हा तेच आलं. आईच्या तोंडचं दुसरं वाक्य मला आठवेना. बापाचा हात मी बोटाबोटानिशी पाठ केला होता आणि शेजारी उभ्या असलेल्या आईकडे, बाबांसारखंच, पाहिलंच नव्हतं.

काल बाबांचा फोन आला. मी त्यांना मुनशीचं बोलणं वाचून दाखवलं. पलीकडे चुलीत काहीतरी तडतडत होतं.

"बरं हाये," ते म्हणाले. मग, "अन् ते बाई काय म्हणते?"

"तिचं लिवाचं राह्यलं, बाबा."

"लिव," ते म्हणाले. "मी थांबतो."