परीक्षककाका आणि उतरता काटा

मरोळच्या आमच्या मोटर दुरुस्तीच्या कारखान्यात मालवणचे एक जुने वाइंडर, म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळणारे कारागीर होते. इंजिनियर दिसला की त्याची परीक्षा घ्यायचे, म्हणून त्यांचं नाव परीक्षक पडलेलं. प्रश्न कायम एकच: "क्रेनच्या मोटारीत करंट उतरता, तेव्हा ती धावता कित्याक?" म्हणजे करंट कमी झाल्यावर ती जास्त वेगाने का पळते? तांब्याची तार विकायला येणारा माणूसही त्यातून सुटला नव्हता.

चौऱ्याऐंशीत मी डिप्लोमा करून तिथे टेस्टिंगला लागले. पहिल्याच दिवशी काकांना सूत्र धडाधड म्हणून दाखवलं. ते म्हणाले, मंत्र पाठ आहे तुझा, मी अर्थ विचारतोय. सातवी शिकलेले हे गृहस्थ मला नापास करतात म्हणजे काय! मी आठवडाभर धुमसत होते.

मग एक क्रेनची मोटर आली. बाकीच्या मोटरी आम्ही आधी भाराशिवाय फिरवून बघायचो, तशीच मी हीदेखील मोकळी सुरू केली. करंटचा काटा खाली येऊ लागला. ठीक चाललंय, असं मी वहीत लिहिलंसुद्धा. आवाज मात्र चढत गेला, टेबल थरथरायला लागलं, आणि काकांनी धावत येऊन मेन स्विच खाली ओढला. आणखी थोडा वेळ गेला असता तर आतल्या तारा सुटून माझ्या अंगावर आल्या असत्या.

नोकरी गेली असं मी धरून चालले होते. काकांनी शेठला काही सांगितलं नाही. चहा मागवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी सूत्राला हात लावला नाही. म्हटलं, या मोटरीत एकच करंट चुंबकातूनही जातो आणि फिरत्या भागातूनही. फिरणारी मोटर स्वतःच विजेचा उलटा दाब तयार करून करंटला आवरते. भार काढला की करंट उतरतो, चुंबक दुबळं पडतं, मग तेवढाच दाब आणायला तिला जास्त जोरात फिरावं लागतं. ती पळते, करंट आणखी उतरतो, ती आणखी पळते.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझो थोरलो भाऊस अशाच मोटारीन जिवानिशी गेलो," ते म्हणाले. "काट्यावर मी होतंय. करंट उतरता, घाबरू नको, असा मीच त्येका सांगितलंय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "काटो मी बरोबर वाचलंय ना गो?"

"बरोबर वाचलात, काका. त्याचा अर्थ तुम्हाला कोणी सांगितलाच नव्हता."

इतके दिवस मी या माणसावर चिडून होते, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांचा खाडा पडला, माझ्या वेळेतला पहिलाच. भाऊ गेल्यानंतर वीस वर्षांनी, पहिल्यांदाच, ते मानखुर्दला वहिनीच्या दारात गेले होते.